वादळाची बातमी आली की खान्देशात या चुका टाळा

अरबी समुद्रात चक्रीवादळ उठल्याची बातमी आली की आमच्या चोपडा-यावल पट्ट्यात एकच वाक्य ऐकू येतं: "समुद्र कोठे नि आपण कोठे!" पारावर, दळणाच्या रांगेत, घरात जेवताना, सगळीकडे हेच. त्यानंतरचे उडालेले पत्रे आणि आडव्या झालेल्या केळीच्या बागा मी इतक्या वेळा पाहिल्यात की आता गप्प बसवत नाही.

टीव्हीवरच्या नकाशातली रेघ आपल्या जिल्ह्यावरून जात नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. ती रेघ वादळाच्या केंद्राची असते. त्याचं वारं आणि ढग शेकडो किलोमीटर पसरलेले असतात. तौक्ते चक्रीवादळ गुजरातच्या किनाऱ्यावर धडकलं १७ मे २०२१ च्या रात्री, आणि आमच्याकडे वारं सुटलं आदल्या दिवशीच. त्याच्या आधीच्या वर्षी, ३ जूनला, 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. जमिनीवर त्याचा जोर ओसरला खरा, पण ते पुढे सरकलं उत्तर महाराष्ट्रावरूनच. म्हणून मी रेघ बघतच नाही. हवामान खात्याने आपल्या जिल्ह्याला कोणता रंग दिलाय तेवढं बघते. पिवळा असेल तर लक्ष ठेवायचं. नारिंगी दिसला की हातातलं काम टाकून तयारीला लागायचं.

आता ज्या चुकीचा मला सर्वांत जास्त राग येतो ती: पत्र्यावर दगड ठेवणे. गावोगाव हीच पद्धत आहे. बोल्ट सैल झाला, ठेव दगड. पत्रा वाजतो, ठेव आणखी एक. पण वारं पत्रा खाली दाबत नाही, कडेतून आत शिरून वर उचलतं. एकदा कड उचलली की वरचा दगड पत्रा धरून ठेवत नाही, तो स्वतःच खाली येतो.

तौक्तेच्या त्या दिवशी आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, होऊन दोनच दिवस झाले होते, निंबाला झोका अजून तसाच होता. गोठ्याचे दोन बोल्ट सैल असल्याचं मी सकाळीच दिरांना सांगितलं होतं. "वहिनी, दगड ठेवलाय ना, उद्या बघू," म्हणून ते शेतात गेले. दुपारी आधी झोक्याची फळी एकटीच हलायला लागली, मग पत्रा थडथडला, आणि काही कळायच्या आत कोपऱ्यातला पत्रा कागदासारखा दुमडून मागच्या उकिरड्यावर जाऊन पडला. त्यावरचा दगड गव्हाणीत पडला होता. गव्हाणीची कड फुटली होती, आणि वैरणीत तो दगड अर्धा रुतला होता. घटकाभर आधी तिथे पारडू बांधलेलं होतं. धार काढायची म्हणून मी त्याला सोडून म्हशीजवळ नेलं, एवढ्यावर ते वाचलं.

तेव्हापासून आखाजीचा झोका उतरवला की त्याच दिवशी पान्हा घेऊन पत्र्याचा एकेक हूक-बोल्ट आवळायचा, कुजलेला रबरी वायसर बदलायचा, कडेचे पत्रे जाड तारेने अँगलला बांधायचे. अर्ध्या दिवसाचं काम आहे. दगड एकही ठेवायचा नाही. आणि हे काम वारं सुटल्यावर कधीच करायचं नाही. वाऱ्यात शिडी लावणाऱ्याला मी सरळ हाक मारून खाली उतरवते, मग तो कितीही मोठा असो.

केळीच्या बाबतीत नवीन पोरांची घाई नडते. आभाळ काळं झालं की दोरी घेऊन बागेत पळतात. घडाचं वजन २०-२५ किलो, मुळं वरच्या वर. अंगावर खोड आलं तर काय होईल? निसवलेल्या, म्हणजे घड बाहेर पडलेल्या, झाडांना टेकू नाहीतर पट्टी आधीच हवी, आणि पश्चिमेच्या बांधाला वारं अडवणारी शेवरीची झाडं लागवडीच्या वेळीच लावलेली हवीत. आदल्या दिवशी करण्यासारखं एवढंच: कापणीला आलेले घड उतरवून घ्यायचे आणि ठिबक बंद ठेवायचं. ओल्या जमिनीत झाड मुळासकट उपटतं. "वाऱ्याआधी एक पाणी देऊन घेतो" म्हणणाऱ्यांनी हे एकदा नीट लक्षात घ्यावं.

घरातली चूक म्हणजे लाईट जाणार हे धरून न चालणं. लाईट गेली की बोअर बंद, चक्की बंद, मोबाइल बंद. मी आदल्या संध्याकाळी टाकी आणि पिंपं भरते, ज्वारीचं दळण आणून ठेवते, टॉर्च उजेडातच तपासते. कुरडया-पापडांची वाळवणं धाब्यावरून, म्हणजे घराच्या सपाट छतावरून, सगळ्यात आधी उतरवायची. ढग आल्यावर त्यांच्यासाठी वर धावायचं नाही. वीज पडते तेव्हा धाब्यावर माणूस नको.

गुरं निंबाखाली बांधू नका. मोटारसायकलही तिथे लावू नका.

तुटून पडलेल्या विजेच्या तारेला काठीनेही हात लावायचा नाही. पोरांना लांब करा, वीज कंपनीच्या १९१२ नंबरला फोन लावा.

आणि बाग पडलीच, तर लगेच कोयता घेऊन साफ करायला सुरुवात करू नका. विमा काढला असेल तर नुकसान ७२ तासांच्या आत कळवावं लागतं, आणि पंचनामा उभ्या-आडव्या झाडांवर होतो, साफ केलेल्या वावरावर होत नाही. आधी चारी बांधांवरून फोटो काढा, गट नंबर हाताशी ठेवून फोन करा. शेजाऱ्याची बाग पडली असेल तर त्यालाही सांगा, कारण त्या सकाळी माणसाला काही सुचत नसतं.