रेकॉर्डिंगमध्ये घुंईऽऽ आवाज येतोय? या चुका टाळा

भावाच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट यूएसबी कॅप्चर (कॅसेटचं चित्र-आवाज लॅपटॉपवर घेणारी डबी) लावून लॅपटॉपवर घ्यायला बसलो, पूर्ण तीन तास घेतली आणि मग ऐकली तर मंगलाष्टकांच्या मागं सगळीकडं घुंईऽऽऽ. आई म्हणे, "मांडवात मोटारपंप कोनं लावला होता बापा?"

म्हणजे पहिली चूक तीच, आधी दोन मिनिटं घेऊन हेडफोनवर ऐकायला पाहिजे होतं. टीव्हीच्या बारक्या स्पीकरवर ही घरघर नीट कळतच नाही.

दुसरी चूक पैशाची. दुकानदार म्हणाला वायर खराब, वायर घेतली. मग म्हणाला कॅप्चरच खराब, तेही घेतलं. घुंई तशीच! शेवटी वैतागून एकेक वायर काढत गेलो, लॅपटॉपचा चार्जर काढला तर आवाज अर्ध्यावर आला आणि व्हीसीआरच्या मागं अँटेनाच्या भोकात केबलवाल्याची वायर होती ती काढली तर एकदम शांत. कॅसेट चालवायला ती वायर लागतच नाही, उगाच लोंबकळत होती इतके वर्ष.

होतं असं की केबलची वरची जाळी खांबाकडून येते, तिकडचं अर्थिंग वेगळं, आपल्या घरचं वेगळं, दोघांच्या व्होल्टेजमध्ये थोडा फरक असतोच आणि मग तो करंट आपल्या ऑडिओ वायरच्या जाळीतून वाट काढतो. आपली लाईन 50 हर्ट्झची, म्हणून तोच जाडा आवाज रेकॉर्ड होतो. टीव्ही, बॉक्स, अॅम्प्लिफायर, लॅपटॉप सगळं एकाच बोर्डावर लावलं तर पुष्कळदा यातच काम भागतं. केबल काढता येत नसेल तर तिच्यात आयसोलेटर (सिग्नल जाऊ देतो पण हा करंट अडवतो असा जोड) टाकतात, पण डिशवाल्यांनो जरा थांबा, तुमचा बॉक्स त्याच वायरमधून वर छत्रीवरच्या एलएनबीला 13 नाहीतर 18 व्होल्ट पाठवतो, साधा आयसोलेटर तो अडवतो आणि चित्रच जातं. टीव्ही टू होम थिएटर घरघर असेल आणि दोन्हीला ऑप्टिकल वायरचं भोक असेल तर ती वायर लावा, तिच्यातून फक्त उजेड जातो, करंट नाही.

आता सगळ्यात वाईट चूक. कोणीतरी सांगतं, प्लगची मोठी पिन (अर्थिंगची) तोडून टाक, आवाज जाते. जातो पण कधीकधी, खोटं नाही. पण मग आत करंट उतरला तर त्याला जायला तुम्हीच उरता. आपल्याकडे मे महिन्यात शेजारी कूलर, खाली ओली फरशी, कूलरचा करंट लागून माणसं जातात हे काही नवीन सांगायला नको. पिन तोडू नका बस.

त्यापेक्षा अर्थिंग बघा. काळ्या मातीला उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात, पाईपभोवती माती सुटते, खड्ड्यात रोज बादलीभर पाणी टाका. खारपाणपट्ट्यात तर पाईपच गंजून जातो, तिकडचे लोक इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्या. बॉक्सला हात लावला की झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग पोचतच नाहीये असं समजा.

बाकी बारीकसारीक. पिवळी पिन चित्राची, ती चुकून लाल-पांढऱ्याच्या जागी घातली की स्पीकरमधून भयंकर गुरगुर येते, घाईत मीही केलंय. व्हीसीआरचा आवाज लॅपटॉपच्या माईकच्या भोकात देऊ नका, फाटतो, लाईन-इन किंवा कॅप्चरचंच भोक वापरा. ऑडिओ वायर लाईटच्या वायरसोबत गुंडाळू नका, ओलांडावीच लागली तर आडवी ओलांडा. स्क्वेअर वेव्हचा स्वस्त इन्व्हर्टर चालू असताना रेकॉर्डिंग करायचं असेल तर लाईट येईपर्यंत थांबलेलं बरं.

आणि जे घुंईसकट रेकॉर्ड होऊन बसलंय ते ऑडॅसिटीत (आवाज दुरुस्त करायचं सॉफ्टवेअर) टाका, बोलणं नसलेला एखादा सेकंदाचा तुकडा नमुना म्हणून पकडून सगळ्या रेकॉर्डिंगला नॉईज रिडक्शन द्या. जास्त दिलं तर माणसं डब्यात बसून बोलल्यासारखी वाटतात, म्हणून कॅसेट हाताशी असेल तर मी म्हणतो पुन्हाच घ्या.

आम्ही पुन्हा घेतली. आता इतकं साफ ऐकू येतं की पंगतीत वरण संपल्यावरून दोन मामा भांडताहेत तेही कळतं. आई म्हणते तेवढं कापून टाक, मी ठेवलंय.