क्लोज्ड गार्ड: बाही धरा, उभे राहा, मग पुढचं बघू

समोरचा पाठीवर पडलाय आणि त्याने तुमच्या कंबरेला पायांची कडी घातलीय. हाच क्लोज्ड गार्ड. कुस्तीतून आलेल्यांना वाटतं, हा तर चीत झाला, आता काय उरलं? ब्राझिलियन जुजुत्सूत मात्र त्याचा खेळ इथून पुढे रंगतो. वरच्याचा गळा आणि कोपरं त्याच्या हाताशी असतात. वरचा जरा पुढे झुकला की झालंच.

माझं वजन कमी, त्यामुळे जोर लावून कडी तोडणं माझ्या कामाचं नव्हतंच. आज वर्गात नवीन आलेल्यांना मी जे सांगते ते एवढंच: हात नंतर, आधी पाठीचा कणा. गुडघे पसरा, पायाची बोटं मॅटवर रोवा, मान वर. एका हाताने त्याच्या गीच्या (जुजुत्सूच्या पोशाखाच्या) दोन्ही कॉलर छातीपाशी एकत्र मुठीत धरून खाली दाबा, म्हणजे त्याला उठून बसता येणार नाही. तुमचं कोपर वाकलेलं आणि त्याच्या पोटाला चिकटलेलं असू द्या. सरळ ताणलेला हात म्हणजे आर्मबारचं, कोपर उलटं ताणायच्या डावाचं, आमंत्रण. एक हात त्याच्या पायांच्या आत आणि दुसरा बाहेर, असं तर कधीच नको. ट्रँगल, म्हणजे पायांत मान आणि एक हात आवळायचा डाव, तिथेच बसतो.

दुसऱ्या हाताने बाही धरायची. माझ्या मते सगळा डाव या बाहीवर आहे, आणि सगळ्यात आधी सुटते तीही हीच. ज्या बाजूची बाही धरलीय त्याच बाजूचा तुमचा पाय आधी वर घेऊन उभं राहायला लागा. उलटा पाय आधी उचललात तर त्याचा मोकळा हात थेट तुमच्या घोट्याला येतो. पूर्ण उभे राहिल्यावर कंबर पुढे काढा, बाही वर ओढून धरा. बाही सुटली की तो तुमचे दोन्ही घोटे पकडून गुडघ्यांनी ढकलतो, तुम्ही मागे पडता आणि स्वीपचे (खालून वरच्याला उलथवण्याचे) 2 गुण त्याला.

आता कॉलरचा हात सोडून, बाही ज्या हाताची धरलीय त्याच्या विरुद्ध बाजूचा त्याचा गुडघा खाली ढकला. कंबर जरा हलवा. कडी सुटते. एका झटक्यात नाही सुटली तरी घाई नको, तुम्ही उभे आहात, लटकून तो दमतोय. (कोपरं मांडीत खुपसून पाय उघडायचा प्रकार नवख्यांवर चालतो. जाणता माणूस तेवढा वेळ दुखणं सहन करतो आणि तुमचं डोकं खाली ओढतो.)

कडी सुटल्यावर लगेच नी कट, म्हणजे गुडघ्याने वाट काढत त्याचे पाय ओलांडणं. जी मांडी दाबलीय तिच्यावरून तुमच्या दुसऱ्या पायाचा गुडघा तिरका सरकवत मॅटवर न्यायचा. इथे, आणि इथेच, धरलेली बाही सोडून तुमचा तो हात त्याच बाजूच्या त्याच्या काखेखालून आत घाला. गुडघा दाबणारा हात आता त्याची जवळची बाही वर ओढतो. ही काख मिळाली नाही तर तो कुशीवर वळतो आणि तुमच्या पाठीमागे निघतो, म्हणून गुडघा पुढे नेण्याआधी छाती छातीला लागलीय ना ते बघा. पाऊल त्याच्या पायांत अडकलं तर ते हिसकू नका. छातीचं वजन तसंच ठेवून दुसऱ्या पायाच्या तळव्याने त्याचा गुडघा ढकला, पाऊल निघतं.

गी नसेल तर कॉलरऐवजी तळहात छातीवर आणि बाहीऐवजी मनगट. घामाने मनगट निसटतं, म्हणून तिथे उभं राहायला वेळ लावायचा नाही.

आयबीजेजेएफच्या (ब्राझिलियन जुजुत्सूच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या) नियमांत पासला, म्हणजे पाय ओलांडून पलीकडे जायला, 3 गुण आहेत, टेकडाउनला (उभ्याला खाली पाडण्याला) 2. पण पाय ओलांडले म्हणजे गुण पडत नाहीत, साइड कंट्रोल (बाजूने छातीवर दाबून धरणं) 3 सेकंद टिकवावा लागतो. तेवढ्यात खांद्याने त्याचा जबडा पलीकडे वळवा आणि त्याच्या कंबरेलगत तुमचा गुडघा लावा. डोकं आणि कंबर दोन्ही अडकल्यावर त्याला गुडघा परत आत आणायला जागाच राहत नाही. त्याआधी तो पालथा होऊन गुडघ्यांवर गेला तर पासचे गुण हुकतात, पण पाठ उघडी पडते. मागून दोन्ही पाय त्याच्या मांड्यांच्या आत घालून पाठ धरली तर 4.