संत्र्याचे पैसे कटले, पण कास्तकाराला पोचले नाहीत

व्यापाऱ्यानं मोबाइलवरच्या यूपीआय ॲपानं पैसे पाठवले. त्याच्या खात्यातून कटले, कास्तकाराला मेसेज नाही. स्क्रीनशॉटवर विसंबू नका. व्यवहाराचा 12 अंकी यूटीआर, म्हणजे ओळख क्रमांक, मागा. तो घेऊन आधी आपली सगळी खाती तपासा. बहुतेकदा घोळ इथंच असतो: मोबाइल नंबरवर पाठवलेले पैसे ॲपात मुख्य म्हणून निवडलेल्या खात्यात जातात, अन् आपण पासबुक भरतो दुसऱ्याच बँकेचं. इथंही असंच निघालं, रक्कम जनधन खात्यात होती.

कुठंच नसेल अन् व्यापाऱ्याच्या ॲपात 'पेंडिंग' दिसत असेल, तर व्यापाऱ्यानं लगेच दुसऱ्यांदा पाठवू नये. खात्यातून खात्यात पाठवलेली अडकलेली रक्कम दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवी. पुढं रोज 100 रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा नियम. तक्रार व्यापाऱ्यानं आपल्या ॲपातल्या त्याच व्यवहारावरून नोंदवावी. पैसे मिळवायला पिन कधीच लागत नाही.