सामान बांधण्याआधी: भाड्याच्या घरात जाताना या चुका टाळा

पुण्यात भाड्याचे घर बदलण्याचा मोठा हंगाम एप्रिल ते जून असा असतो. शाळा सुरू होण्यापूर्वी आणि पावसाचा जोर वाढण्यापूर्वी हलावे, असा बहुतेकांचा बेत असल्यामुळे या काळात घरे घाईने पाहिली जातात, टोकन घाईने दिले जाते आणि करारावर अंगठाही घाईनेच उमटतो. भांडी कशात गुंडाळावीत आणि पुस्तकांची खोकी किती जड भरावीत याचा विचार लोक नीट करतात, त्यामुळे तिथे फारसे नुकसान होत नाही. नुकसान होते ते कागदपत्रांत, घराच्या पाहणीत आणि कामांच्या क्रमात, आणि ते लक्षात येते अकरा महिन्यांनी, अनामत रक्कम परत मागताना.

मालक कोण, हे न पाहता टोकन देणे

जाहिरातीतील छायाचित्रे पाहून, घर प्रत्यक्ष न बघता टोकन पाठवणे ही यातली सर्वांत महाग चूक आहे. फसवणुकीचा एक ठरलेला प्रकार असा की, समोरचा माणूस स्वतःला लष्करातील अधिकारी म्हणवतो, बदली झाल्यामुळे घर तातडीने द्यायचे असल्याचे सांगतो, ओळखपत्राचे छायाचित्र पाठवतो आणि मग क्यूआर कोड पाठवून ‘हा स्कॅन केलात की रक्कम तुमच्याकडे परत येईल’ असे पटवतो. यूपीआयमध्ये पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन मागितला गेला याचा अर्थ पैसे तुमच्या खात्यातून जाणार आहेत. तरीही पैसे गेलेच, तर त्याच क्षणी १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर आणि आपल्या बँकेकडे तक्रार नोंदवावी, कारण रक्कम पुढच्या खात्यांत फिरवली जाण्यापूर्वीच ती गोठवता येण्याची शक्यता असते.

प्रत्यक्ष घर पाहिले तरी ते दाखवणारी व्यक्तीच मालक आहे, हे गृहीत धरू नये. वीजबिल, मिळकतकराची पावती, सोसायटीचे देखभाल बिल आणि खरेदीखताची इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातून मिळणारा खरेदीचा सारांश-उतारा) यांवरील नाव एकच असले पाहिजे. पुण्यात कित्येक फ्लॅटचे मालक परदेशात असतात आणि घर त्यांचे आईवडील किंवा भाऊ दाखवतात. त्यात गैर काही नाही. मात्र करारावर सही करण्याचा अधिकार देणारे कुलमुखत्यारपत्र त्यांच्याजवळ आहे का, हे टोकन देण्यापूर्वी विचारावे. ‘मुलगा दिवाळीत आला की सही करील’ या आश्वासनावर सामान हलवू नये. टोकन देताना फ्लॅटचा क्रमांक, ठरलेले भाडे, अनामत, ताबा मिळण्याची तारीख आणि व्यवहार फिसकटल्यास टोकन कोणी किती परत करायचे, एवढे तरी व्हॉट्सॲपवर लिहून समोरच्याकडून होकार घ्यावा.

नोटरी केली म्हणजे करार झाला, असे मानणे

स्टॅम्प पेपरवर मजकूर टाइप करून नोटरीचा शिक्का घेतला की काम झाले, हा समज अजूनही गेलेला नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार ‘लिव्ह अँड लायसन्स’चा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा, करार लेखी असणे आणि त्याची नोंदणी होणे बंधनकारक आहे, मग तो अकरा महिन्यांचा असला तरी. नोंदणीची जबाबदारी कायद्याने घरमालकावर टाकली आहे; ती न पाळल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि अटींबद्दल वाद झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. तेव्हा ‘तुमच्यासाठी खर्च वाचवतोय’ असे म्हणणारा मालक प्रत्यक्षात स्वतःच जोखीम ओढवून घेत असतो, हे त्याला सौम्य शब्दांत सांगायला हरकत नाही.

खर्चाचाही बाऊ केला जातो. मुद्रांक शुल्क म्हणजे करारकाळातील एकूण भाडे अधिक परतीच्या अनामतीवर वार्षिक १० टक्के दराने धरलेले व्याज, यांच्या ०.२५ टक्के. भाडे २० हजार आणि अनामत ६० हजार असेल तर अकरा महिन्यांसाठी ही रक्कम साडेपाचशे ते सहाशे रुपयांच्या घरात जाते. शहरी भागात नोंदणी फी हजार रुपये आणि त्यावर दस्त हाताळणीचे शुल्क. आधारवर आधारित ऑनलाइन नोंदणी सुरू झाल्यापासून निबंधक कार्यालयात जावेही लागत नाही. एजंट अंगठ्याचे यंत्र घेऊन घरी येतो.

नोंदणी नसल्याची अडचण अनपेक्षित ठिकाणी उभी राहते. शिक्षण हक्क कायद्याखालील (आरटीई) २५ टक्के राखीव शाळाप्रवेशासाठी भाड्याने राहणाऱ्या पालकांकडे रहिवासाचा पुरावा म्हणून नोंदणीकृत करारच मागितला जातो, आणि तिथे नोटरीचा कागद चालत नाही. सही होऊन गेली पण नोंदणी राहिली, अशी स्थिती असेल तर हातपाय गाळण्याचे कारण नाही. सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त नोंदणीसाठी सादर करता येतो आणि त्यानंतरही आणखी चार महिन्यांपर्यंत दंड भरून मार्ग निघतो.

कराराचा मसुदा एजंटच्या संगणकातून जसाच्या तसा निघतो आणि दोन्ही पक्ष फक्त नाव, भाडे व तारीख तपासतात. वाचायच्या असतात त्या मधल्या ओळी: लॉक-इन, म्हणजे करार मोडता न येण्याचा काळ, किती महिन्यांचा आहे आणि तो दोघांनाही लागू आहे की केवळ भाडेकरूला, सूचनेचा काळ किती, देखभाल खर्च भाड्यात धरला आहे का, गीझर किंवा चिमणी बिघडली तर दुरुस्ती कोणाची, आणि घर सोडताना रंगकामासाठी एक महिन्याचे भाडे कापण्याची अट गुपचूप घातलेली आहे का. ही शेवटची अट माझ्या मते सरळ नाकारावी, किंवा निदान ‘नेहमीच्या वापराने होणारी झीज वगळून’ एवढे शब्द घालून घ्यावेत. ‘दोन महिन्यांहून जास्त अनामत घेता येत नाही’ असा संदेशही फिरत असतो. ती मर्यादा केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यातील आहे आणि तो कायदा म्हणजे राज्यांसाठी दिलेला नमुना आहे. त्याच्या जोरावर पुण्यातल्या मालकाशी वाद घालण्यापेक्षा टोकनपूर्वी घासाघीस केलेली बरी. शेवटच्या तारखेकडेही लक्ष असावे, कारण मुदत संपल्यावर घर न सोडल्यास कलम २४ नुसार दुप्पट दराने भरपाई द्यावी लागू शकते. ‘मालक ओळखीचे आहेत, करार पुढच्या महिन्यात करू’ असे म्हणून मुदत उलटू देणे म्हणूनच धोक्याचे असते.

नव्या रंगावर भाळणे

उन्हाळ्यात घर पाहताना सगळ्या भिंती कोरड्याच दिसतात. एखाद्याच भिंतीला ताजा रंग दिलेला असेल, तर तो का, हे विचारावे. ओल शोधायची ती न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीच्या खालच्या भागात, खिडक्यांच्या कट्ट्याखाली, वरच्या मजल्याच्या छतावर आणि भिंतीत बसवलेल्या कपाटांच्या आत. कपाट उघडून नुसता वास घेतला तरी बरेच कळते. जुलैमध्ये पोपडे सुटू लागले आणि गाद्यांना कुबट वास येऊ लागला, तर त्याच दिवशी छायाचित्रांसह मालकाला लेखी कळवावे. बाहेरच्या भिंतीची किंवा वरच्या फ्लॅटची गळती दुरुस्त करणे हे भाडेकरूचे काम नाही, पण वेळेवर न कळवलेली गळती पुढे ‘तुमच्या काळात झाली’ म्हणून अनामतीतून वजा होते.

पाण्याबद्दल एजंटला विचारण्यात अर्थ नसतो. रखवालदाराला, किंवा त्याहून चांगले म्हणजे त्याच मजल्यावर राहणाऱ्या कुटुंबाला, महापालिकेचे पाणी किती वेळ येते, उन्हाळ्यात टँकर लागतो का आणि त्याची वर्गणी कोण भरते, हे विचारावे. शहराच्या कडेच्या अनेक सोसायट्या उन्हाळ्यात टँकरवर अवलंबून असतात आणि देखभाल खर्च भाडेकरूकडे असेल तर हा भार त्याच्याच डोक्यावर येतो. घरात शिरल्यावर सगळे नळ एकदम उघडावेत, फ्लश दोनदा चालवावा, गीझर पंधरा मिनिटे सुरू ठेवावा आणि मोबाइलचा चार्जर हातात घेऊन प्रत्येक प्लगपॉइंट तपासावा. बेडरूममध्ये मोबाइलची रेंज येते का, तेही तेव्हाच पाहावे.

चाव्या मिळतील त्या दिवशी, एकही खोके आत आणण्यापूर्वी, रिकाम्या घराचा सलग व्हिडिओ काढावा. फुटलेली फरशी, ओरखडे पडलेला ओटा, सैल झालेली बिजागरी, जाळीला पडलेले भोक आणि वीज व गॅसच्या मीटरवरील आकडे यांची छायाचित्रे घेऊन त्याच दिवशी मालकाला पाठवावीत. पंखे, दिवे, पडद्यांच्या दांड्या, फर्निचर यांची यादी कराराला जोडलेली असावी. अनामतीबद्दलचे वाद बहुतेक वेळा आठवणीच्या भरवशावर लढले जातात, म्हणून तारखेसह पाठवलेला हा संदेश उपयोगी पडतो. महावितरणच्या बिलावर बारा आकडी ग्राहक क्रमांक असतो. तो वापरून थकबाकी तपासावी आणि जुने बिल मालकाने भरल्याचे पाहूनच ताबा घ्यावा. मीटर मालकाच्या नावावर असले, तरी वीज तोडल्यावर अंधार राहणाऱ्याच्या घरात होतो.

सोसायटीचे नियम सामान खाली उतरवल्यावर कळणे

ट्रक फाटकाशी उभा आहे आणि रखवालदार सांगतो की रविवारी सामान चढवता येत नाही, हा प्रसंग टाळणे सर्वांत सोपे आहे, तरी तो वारंवार घडतो. सामानाची लिफ्ट कोणती, तिच्या वेळा कोणत्या, लिफ्टसाठी परतीची रक्कम भरावी लागते का, हे आठवडाभर आधी सोसायटीच्या कार्यालयात जाऊन विचारावे. दुपारी एक ते चार या वेळेबद्दल पुणेकरांना वेगळे सांगायला नको. नोंदणीकृत कराराची प्रत आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची पोच सोसायटीला द्यावी लागते. पोलिसांना भाडेकरूची माहिती कळवणे मालकाचे काम आहे आणि ते ऑनलाइन होते, पण आपण मागे लागल्याशिवाय ते सहसा होत नाही. फ्लॅट भाड्याने दिल्याबद्दल सोसायटी जो बिनभोगवटा आकार घेते, तो मालकाने भरायचा असतो आणि शासनाच्या २००१ च्या आदेशानुसार तो महापालिकेचे कर वगळून सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक असू शकत नाही. तो भाडेकरूच्या बिलात आला, तर गप्प बसून भरू नये.

गॅस आणि ट्रक

भरलेला सिलिंडर ट्रकमध्ये घालून नेण्याचा विचार मनातून काढून टाकावा. ते धोकादायक आहे. दुसऱ्या शहरात जाताना सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीकडे जमा करून हस्तांतराचा कागद घ्यावा आणि तो दाखवून नव्या ठिकाणी जोडणी घ्यावी. त्याच शहरात फक्त वितरक बदलत असेल, तर बहुधा जोडणी ऑनलाइन हस्तांतरित होते आणि सिलिंडर जमा करावा लागत नाही. नव्या घरात नळाचा गॅस असेल, तर तो सुरू आहे की बिल थकल्यामुळे बंद आहे, याची खात्री आधीच करावी, नाहीतर पहिला आठवडा इंडक्शनवर निघतो.

वाहतुकीचा दर फोनवर ठरवणे हे भांडणाचे मूळ आहे. माणूस घरी येऊन सामान पाहून गेला पाहिजे आणि त्याने दिलेल्या लेखी दरात दोन्हीकडचे मजले, लिफ्ट आहे की नाही, फाटकापासून लिफ्टपर्यंतचे अंतर, फर्निचर सोडवणे व जोडणे आणि जीएसटी हे सगळे धरलेले असले पाहिजे. छोट्या हत्तीत मावेल असे सांगून ऐनवेळी मोठी गाडी आणून जास्त पैसे मागितले जातात. सामान गाडीत चढल्यावर वाढीव रकमेसाठी ते अडवून धरले, तर ११२ वर पोलिसांना बोलवावे, आणि तेव्हा लेखी दरच उपयोगी पडतो. संपूर्ण रक्कम आगाऊ कधीच देऊ नये. फ्रंट लोड वॉशिंग मशीनचा ड्रम घट्ट करणारे मूळचे बोल्ट बसवूनच ते हलवावे, एसी तंत्रज्ञाकडून गॅस आत ओढून घेऊनच काढावा, आणि फ्रिज उभाच न्यावा. वाटेत तो आडवा झाला असेल तर काही तास उभा ठेवून मगच सुरू करावा. दागिने, मूळ कागदपत्रे आणि औषधे स्वतःजवळ असावीत.

पैशांचा हिशेब मात्र सामान हलवण्याच्या कितीतरी आधी व्हायला हवा. नवा मालक अनामत ताब्यापूर्वी मागतो आणि जुना ती घर रिकामे झाल्यावर, कधीकधी त्यानंतरही पंधरा दिवसांनी देतो. त्यामुळे दोन अनामती, एक महिन्याचे भाडे, दलाली आणि वाहतूक एवढी रक्कम एकाच वेळी बाहेर असते. शक्य असल्यास दोन्ही घरांचे भाडे चार-पाच दिवस एकत्र भरावे, म्हणजे जुन्या घराची सफाई व किरकोळ दुरुस्ती निवांतपणे होते. जुन्या घराचाही शेवटचा व्हिडिओ काढावा, शेवटचे वीजबिल भरल्याची पावती पाठवावी आणि चाव्या देताना किती अनामत कोणत्या तारखेपर्यंत परत मिळणार, हे जुन्या मालकाकडून लिहून घ्यावे.