रडारवर दिसतंय, पण कुठल्या हद्दीत?

एटीसीच्या, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणाच्या, प्रशिक्षणाला आलेली मुलं पहिल्याच आठवड्यात विचारतात, "रडारवर कधी बसायचं?" मीही विचारलं होतं. उत्तर आलं, "आधी रडारशिवाय काम करायला शीक." तेव्हा राग आला होता. आता तेच उत्तर मी देतो.

प्रोसिजरल, म्हणजे रडारशिवायच्या, कामात वैमानिक सांगेल तेवढंच आपल्याला कळतं. त्यामुळे एकाच मार्गावर, एकाच उंचीवर मागेपुढे असलेल्या विमानांत बऱ्याचदा १० मिनिटांचं अंतर ठेवावं लागतं. ४८० नॉटच्या, म्हणजे तासाला ४८० सागरी मैल जाणाऱ्या, जेटसाठी हे झाले ८० सागरी मैल. रडारवर तेच ५ मैलांवर येतं, विमानतळाजवळ ३ वर. हवाई क्षेत्राच्या फेररचनेचा, म्हणजे हद्दी आणि मार्ग नव्याने आखण्याचा, हिशोब याच मोकळ्या झालेल्या जागेपासून सुरू होतो. पण रडार गेलं की तीच दाटीवाटीची विमानं डोक्यातल्या चित्रावर सांभाळायची असतात. स्ट्रिपवर, म्हणजे प्रत्येक विमानाच्या नोंदीच्या पट्टीवर, वेळा नीट लिहायची सवय तेव्हा वाचवते.

रडार 'आत्ता' दाखवत नाही, हे मला सिम्युलेटरवर कळलं. लांब पल्ल्याच्या रडारचा अँटेना एक फेरी मारायला १० ते १२ सेकंद घेतो. तेवढ्यात ते जेट दीड मैल पुढे गेलेलं असतं. मी एका विमानाला डावीकडचं हेडिंग, म्हणजे वळून धरायची दिशा, दिलं. ठिपका सरळच जाताना दिसला, म्हणून घाईने आणखी २० अंश दिले. पुढच्या फेरीत बघतो तर विमान आधीच वळलेलं होतं आणि माझ्या जादा वीस अंशांमुळे शेजारच्या सेक्टरच्या, म्हणजे दुसऱ्या नियंत्रकाकडच्या भागाच्या, हद्दीकडे निघालं होतं. मागे उभे असलेले सर एवढंच म्हणाले, "हेडिंग दिलंस ना? मग दोन फेऱ्या गप्प बस."

प्रायमरी आणि सेकंडरी रडारमधला फरक परीक्षेपुरता पाठ करू नका. प्रायमरी नुसता परतलेला प्रतिध्वनी दाखवतं. सेकंडरीला विमानातला ट्रान्सपॉन्डर उत्तर देतो, म्हणून स्क्वॉक (विमानाला दिलेला ओळख कोड) आणि उंची लेबलमध्ये येते. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणातल्या चरखी दादरीवर दोन विमानं धडकून ३४९ माणसं गेली. दिल्लीच्या अप्रोच (विमानतळाजवळची वाहतूक सांभाळणाऱ्या) नियंत्रकाकडे तेव्हा फक्त प्रायमरी होतं. उतरणाऱ्या विमानाला १५,००० फुटांपर्यंतच परवानगी होती, ते त्याखाली आलं, आणि हे पडद्यावर दिसायची सोयच नव्हती. शिवाय येणारी-जाणारी विमानं एकाच मार्गिकेत होती. त्यानंतर दोन्हींचे मार्ग वेगळे झाले. नुसतं रडार बदलून भागलं नसतं, असं माझं मत.

नवख्यांना सगळ्यात जड जातो तो क्लासचा, म्हणजे हवाई क्षेत्राच्या वर्गांचा, भाग. ए ते जी हे सात वर्ग इकाओने (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने) १९९० मध्ये ठरवले. क्लास सीमध्ये आयएफआर (उपकरणांवर उडणाऱ्या) विमानाला व्हीएफआरपासून (नजरेने बघून उडणाऱ्यापासून) सेपरेशन, म्हणजे सुरक्षित अंतर, देणं आपलं काम. क्लास ईमध्ये तेच व्हीएफआर विमान क्लिअरन्स (नियंत्रकाची परवानगी) न घेता, रेडिओवर न बोलता जाऊ शकतं. आपण जमेल तेवढी ट्रॅफिक इन्फॉर्मेशन द्यायची, बस. म्हणजे ठिपका तोच, पण हद्दीची रेघ ओलांडली की आपली जबाबदारी वेगळी. वादही इथेच पेटतात. रडार आहे ना, मग खालपर्यंत क्लास सी का नाही? पण रडारला जमिनीची वक्रता आडवी येते. सपाट मुलखातही १,००० फुटांवरचं विमान साधारण ४० मैलांपलीकडे दिसत नाही, आणि छोटी विमानं तर खालूनच उडतात. त्यातल्या एखाद्यात ट्रान्सपॉन्डर नसला तर विचारूच नका.

हद्दी आणि वर्गांतले बदल आयरॅकच्या, म्हणजे जगभर आधीच ठरलेल्या, तारखांना लागू होतात. २८ दिवसांचं चक्र, नेहमी गुरुवार. अशाच एका गुरुवारी आमच्याकडे क्लास सीचा तळ वर सरकला होता. ब्रीफिंग झालं होतं, नकाशा बदलला होता, मी सहीही केली होती. तरी एका छोट्या विमानाला सवयीने म्हणालो, "क्लिअरन्सशिवाय वर चढू नका." क्षणभर शांतता. मग वैमानिकाने अदबीने विचारलं, "सर, आजपासून इथे क्लास ई आहे ना?"

तेव्हापासून आदल्या रात्री कोऱ्या कागदावर माझा सेक्टर हाताने काढतो, रेघा आणि उंच्यांसकट. पहिला कागद हमखास जुन्याच आकड्यांचा निघतो. तो फाडून दुसरा घेतो.