सारस पाहायला दुर्बीण घेताना

जून लागला की आमच्या गोंदियाकडे सारस मोजायची लगबग सुरू होते आणि माझा फोन वाजायला लागतो. "भाऊ, दुर्बीण कोणती घेऊ? जास्तीत जास्त लांबचं दिसलं पाहिजे." मी उलट विचारतो, किती वाजता पाहणार आणि कुठून पाहणार? समोरच्याला वाटतं, हा बुवा टाळून राहिला. पण या दोन प्रश्नांच्या उत्तरातच दुर्बीण ठरते.

माझी पहिली दुर्बीण दिवाळीनंतरच्या मंडईतली, म्हणजे गावच्या जत्रेतली. जिलेबीच्या दुकानाला लागून एक जण चादर टाकून बसला होता. दुर्बिणीच्या काचा कुंकवासारख्या लालभडक, आणि अंगावर ठळक छापलेलं ९०×८०. मी भाळलो. घरी आणून पट्टी लावली तर पुढची काच जेमतेम ३६ मिलिमीटरची. छापलेल्या ८०चा अर्थ पुढची काच ८० मिलिमीटर रुंद, म्हणजे चहाच्या कपाच्या तोंडाएवढी पाहिजे होती! तेव्हापासून सांगतो, लाल काचेच्या दुर्बिणीला हात लावू नका. आणि "१० ते ३० झूम"वाल्या स्वस्त दुर्बिणीही दुकानातच राहू द्या.

आकड्यांचा हिशेब सोपा आहे. ८×४२ म्हणजे वस्तू आठपट जवळ, आणि पुढची काच ४२ मिलिमीटरची. तलावाच्या पारीवरून ४०० मीटरवर उभा असलेला सारस त्यातून ५० मीटरवर असल्यासारखा दिसतो. पुरुषभर उंचीचा पक्षी आहे तो, ५० मीटर म्हणजे अंगणात आल्यासारखाच.

आता दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागा. ४२ भागिले ८, सव्वापाच. डोळ्याकडच्या काचेतून बाहेर पडणारा उजेडाचा ठिपका एवढ्या मिलिमीटरचा असतो. दुर्बीण हातभर लांब धरून आभाळाकडे करा, तो ठिपका डोळ्यांनी दिसतो. भर उन्हात आपल्या डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटरपर्यंत आक्रसते, तेव्हा लहान ठिपकाही चालून जातो. पहाटे ती पाच-सहापर्यंत पसरते. त्या वेळी ठिपका अडीचचा असेल, तर डोळा उजेड मागतो आणि दुर्बीण देत नाही.

हे मला भाच्यामुळे कळलं. त्याने हौसेने २०×५० आणली होती. गणनेच्या दिवशी आम्ही पहाटे पाचला झिलमिली तलावाच्या पारीवर बसलो. समोर, सुकलेल्या गाळाच्या कडेला तीन आकृत्या. "मामाजी, तीन मोठे सारस, लिहा!" मी लिहिले. समोरच्या काठावरच्या मंडळींकडे ८×४२ होती. त्यांनी लिहिलं, दोन मोठे आणि एक पिल्लू. सात वाजता चांगलं उजाडल्यावर मी पाहिलं, तर तिसऱ्याच्या डोक्यावर लाल रंगाचा पत्ता नाही, नुसती बदामी पिसं. गेल्या पावसाळ्यातलं पिल्लू, उंचीने आईबापाच्या बरोबरीला आलेलं. ५० भागिले २०, अडीच. अंधारात आम्हाला नुसत्या सावल्या दिसत होत्या. वरून भाच्याचा हात हलत होता तो वेगळाच, कारण दुर्बीण वीसपट मोठं दाखवते तसा हाताचा कंपही वीसपट करते. दहाच्या वर गेलात की तिपाई लागतेच.

म्हणून माझं मत ८×४२. हात अगदीच स्थिर असेल तर १०×४२ घ्या, पण दाखवायचा पट्टा आखूड होतो. हजार मीटरवर आठची दुर्बीण साधारण १३० मीटर रुंद पट्टा दाखवते, दहाची ११०च्या आसपास. उडालेला सारस त्या पट्ट्यात धरायचा असतो. शिवाय आपल्याकडे मे-जूनमध्ये नऊ वाजले की बांध्यांवरची हवा उकळत्या पाण्यासारखी लहरते. त्यात मोठा आकडा लावला तर लहरीच मोठ्या दिसतात. पाच-सहा जणांचा गट असेल तर दुर्बिणी आठच्याच ठेवा आणि वर्गणी काढून तिपाईवरचा एक स्पॉटिंग स्कोप, म्हणजे एका डोळ्याने पाहायची मोठी दुर्बीण घ्या.

दुकानात काय पाहायचं? आधी दुर्बीण घेऊन दुकानाच्या बाहेर या. नागपुरात बर्डीवर एका दुकानदाराने मला बाहेर नेऊ दिलं नाही, मी तिथूनच परतलो. बाहेर तो उजेडाचा ठिपका पुन्हा पाहा. गोल असेल तर आतले लोलक बहुधा बॅक-४ काचेचे. कडा कापल्यासारखा चौकोनी दिसला तर हलक्या बीके-७ चे. मग पुढच्या काचेत आभाळाचं प्रतिबिंब बघा. हिरवट-जांभळं आणि मंद असेल तर लेप चांगला, पांढरंशुभ्र चमकलं तर उजेड परत चालला आहे. त्यानंतर लांबची विजेची आडवी तार धरा. या तारा सारसाच्या जिवावर उठल्या आहेत, पण दुर्बीण पारखायला कामाच्या. तार एका डोळ्याला वर आणि दुसऱ्याला खाली दिसली तर दोन्ही नळ्या एका रेषेत नाहीत. अशी दुर्बीण अर्ध्या तासात डोकं दुखवते, फुकट दिली तरी घेऊ नका. ऑनलाइन मागवलीत तर हे सगळं परत करायची मुदत संपायच्या आत करा.

चष्मा असेल तर डोळ्याकडची रबरी वाटी आत फिरवून, चष्म्यासकट पाहा. चित्राच्या कडा कापल्या जात असतील तर ती तुमची नव्हे. खोक्यावर 'आय रिलीफ' लिहिलेलं असतं, म्हणजे डोळा काचेपासून किती लांब असला तरी पूर्ण चित्र दिसतं ते अंतर. ते १५ मिलिमीटरच्या खाली नको. माझ्याकडे आधी निकॉनची ॲक्युलॉन ८×४२ होती. खांदे बाहेर आलेली, पोरो जातीची. पैशाच्या मानाने चित्र झकास, कारण तेवढ्याच पैशात सरळ नळ्यांची दुर्बीण सहसा इतकं चांगलं दाखवत नाही. पण चाळिशीनंतर चष्मा लागला आणि तिच्या कडा मला दिसेनाशा झाल्या. ती पाऊण किलोची, आणि पाणीरोधक नाही. ऑगस्टमध्ये सारस धानाच्या बांधीत घरटं करतो, तेव्हा लांब धुऱ्यावर पावसात बसावं लागतं. तेव्हा आत नायट्रोजन भरलेली, पाणीरोधक असलीच पाहिजे, नाहीतर आतून धुकं धरतं आणि पुढे बुरशी. माझ्या पोरोला बुरशी लागलीच. आता दुर्बीण स्टीलच्या घट्ट डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवतो. तांदळाच्या डब्यात ठेवायची आयडिया कोणी सांगितली तर ऐकू नका, कोंडा काचेवर बसतो. आणि धूळ आधी फुंकून किंवा ब्रशने काढा. दुपट्ट्याने पुसलं की चरे पडलेच समजा.

घरी आणल्यावर एक काम करा, बहुतेक लोक ते करतच नाहीत. उजवी नळी हाताने झाका आणि मधलं चाक फिरवून डाव्या डोळ्याने लांबची पाटी स्पष्ट करा. मग डावी झाका, चाकाला हात न लावता उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवून तीच पाटी स्पष्ट करा. ती कडी तुमच्या डोळ्याची, पुढे फक्त चाक फिरवायचं. पण गणनेच्या दिवशी दहा पोट्टे दुर्बीण मागतात आणि दहाही जण कडी फिरवून ठेवतात. म्हणून मी कडीवर बायकोच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला आहे.