भर पावसाळ्यात तहानेने मरणारी झाडं: गॅलरीतल्या बागेत ऋतू बदलताना या चुका टाळा

जुलैमध्ये तीन दिवस संततधार चालू होती आणि माझ्या गॅलरीतल्या अनंताची पानं कडेने वाळून गळायला लागली. पाऊस जास्त झाला असणार, असं धरून मी कुंडी आणखी आत सरकवली. चौथ्या दिवशी मातीत बोट खुपसलं, तर दोन पेरं खोलपर्यंत माती कोरडी ठणठणीत. वरच्या मजल्याचा स्लॅब डोक्यावर, झड पश्चिमेची आणि कुंडी पूर्वेच्या कोपऱ्यात. पानं शिंतोड्यांनी रोज ओली दिसत होती, मुळांपर्यंत मात्र थेंबही पोचला नव्हता.

झाडांवर जीव लावणाऱ्यांच्या घरीही झाडं जातात आणि बहुतेकदा एकाच कारणाने जातात. ऋतू बदलतो, पण पाणी घालणारा हात मागच्या ऋतूच्या सवयीनेच चालत राहतो.

पाऊस पडतोय म्हणजे पाणी मिळतंय, हा समज

पावसाळ्यातही रोज सकाळी बोट मातीत घाला. छताखालच्या, आतल्या रांगेतल्या आणि दाट पानांच्या कुंड्यांना हमखास पाणी द्यावं लागतं. क्रोटनसारख्या झाडाची पानं छत्रीसारखं काम करतात, पाणी कुंडीच्या बाहेर ओघळतं.

उघड्यावरच्या कुंडीची गोष्ट नेमकी उलट. मुंबईत सांताक्रूझला जून ते सप्टेंबरमध्ये सरासरी दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला जातो. इतकं पाणी कुंडीतून वाहून गेलं नाही, तर मुळं गुदमरतात. अशा झाडाचीही पानं मलूल होऊन लोंबतात, अगदी तहानलेल्या झाडासारखी. मग आपण त्याला आणखी पाणी घालतो आणि झाड संपतं. माती ओली असूनही पानं लोंबत असतील, तर कुंडी आडवी करून झाड मातीच्या गोळ्यासकट बाहेर काढा. चांगलं मूळ पांढरट आणि टणक असतं. कुजलेलं मूळ तपकिरी असतं, त्याला नासका वास येतो आणि चिमटीत धरून ओढलं की वरची साल निसटून आत नुसता दोरा उरतो. अशी मुळं स्वच्छ कात्रीने कापा, वरच्या फांद्याही तेवढ्याच कमी करा आणि झाड नव्या भुसभुशीत मातीत लावून आठवडाभर आडोशाला ठेवा. त्या दिवसांत खत अजिबात नको.

नर्सरीतून आणलेल्या झाडांचं एक वेगळं दुखणं आहे. त्यातली बरीच झाडं चिकट लाल मातीच्या गोळ्यात असतात. तो गोळा तसाच मोठ्या कुंडीत बसवला, की पावसात आतून चिखल होतो आणि उन्हाळ्यात विटेसारखा घट्ट. कडेची माती बोटांनी हलकेच मोकळी करा आणि नव्या मिश्रणात जाडसर वाळू किंवा विटांचा चुरा घाला. पावसात उघड्यावर राहणाऱ्या कुंडीत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) कमीच बरं, ते पाणी धरून ठेवतं.

अडेनियम मात्र पहिल्या मोठ्या पावसाआधीच आत घ्या. त्याचं फुगलेलं बुंध एकदा मऊ पडलं, की वाचवणं फार कठीण. माझं सात वर्षांचं झाड एका आठवड्यात गेलं. त्याची हळहळ अजून वाटते.

पावसाळ्यात कुंड्यांखालच्या ताटल्या काढूनच ठेवा. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून उडेपर्यंत त्याला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. नुसतं पाणी ओतून भागत नाही, कारण अंडी कडेला चिकटून राहतात. ताटली ठेवायचीच असेल, तर दर आठवड्याला काथ्याने घासा. पालिकेची माणसं तपासायला येतात तेव्हा हेच बघतात, आणि ते योग्यच आहे.

ऊन जागा बदलतं, कुंडी तिथेच राहते

ही चूक सगळ्यांत कमी लोकांच्या लक्षात येते. मुंबई साधारण 19 अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. डिसेंबरात तोच दक्षिणेला इतका कलतो, की ऊन दक्षिणेच्या गॅलरीत पार आतपर्यंत येतं.

दक्षिणेच्या गॅलरीत जानेवारीत छान ऊन बघून मोगरा ठेवला जातो. एप्रिल-मे हा त्याच्या बहराचा काळ, पण नेमकं तेव्हाच ऊन स्लॅबवरून निघून जातं. झाड हिरवंगार दिसतं, कळी एक नाही. लोक खत वाढवतात, पण कमतरता उन्हाची असते. मार्च लागला की मोगरा ग्रिलच्या अगदी बाहेरच्या कडेला आणा, तारेने बांधून.

उत्तरेच्या खिडकीत याच्या उलट होतं. वर्षभर सावलीत सुखाने राहिलेल्या नेच्याची (फर्नची) पानं मेमध्ये अचानक करपतात, आणि आपण रोग समजून फवारत बसतो. तीन-चार आठवड्यांपुरता पातळ पडदा किंवा हिरवी जाळी लावली तरी पुरते.

ऑक्टोबर

पाऊस सरासरीने 8 ऑक्टोबरच्या आसपास मुंबईतून परततो आणि लगेच ऊन चटका देतं. चार महिने ओलाव्यात मऊ झालेली पानं ते सोसत नाहीत. आडोशाची झाडं एकदम उन्हात काढू नका. आधी आठवडाभर फक्त सकाळचं ऊन द्या. पावसाने मातीतलं नत्र धुऊन गेलेलं असतं, म्हणून आता शेणखत किंवा गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड द्या. भर जुलैत घातलेलं खत बरचसं पाण्याबरोबर वाहून जातं. गुलाबाची छाटणीही याच महिन्यात करा, साधारण दीड महिन्यात फुलं येतात.

शेवंतीला कळ्या धरायला लांब, सलग अंधारी रात्र लागते. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी मला विचारलं होतं, ‘‘अगं, माझी शेवंती एवढी वाढली, फूल का नाही?’’ त्यांच्या गॅलरीत रात्री अकरापर्यंत ट्यूबलाइट जळायची. संध्याकाळी सहाला झाडावर मोठं खोकं पालथं घालायचं आणि सकाळी सातला काढायचं, असं त्यांनी महिनाभर केलं. डिसेंबरात कुंडी पिवळीधमक झाली.

थंडी आणि उन्हाळा

मुंबईत थंडी थोडीच, त्यामुळे पेटुनिया, डेलियासारखी हंगामी फुलं नोव्हेंबरातच आणा. राणीच्या बागेतलं पुष्पप्रदर्शन बघून फेब्रुवारीत आणली, तर महिनाभरच टिकतात. मार्चमध्ये ती वाळली म्हणून वाईट वाटून घेऊ नका, त्यांचं आयुष्यच तेवढं.

जानेवारीच्या अखेरीस मोगऱ्याचं पाणी काही दिवस तोडा, फांद्या एक तृतीयांश छाटा, जुनी पानं खुडा आणि मग खत-पाणी सुरू करा. कळ्या नव्या फुटीवरच येतात. न छाटलेला मोगरा नुसता लांबत जातो.

फेब्रुवारी-मार्चपासून जास्वंदीवर पिठ्या ढेकूण चढतो. कोवळ्या शेंड्यावर कापसासारखे पांढरे ठिपके आणि खोडावर मुंग्यांची रांग दिसली, की त्याच दिवशी कामाला लागा. मुंग्या त्या किडीचा गोड चिकटा खातात आणि तिची राखण करतात. आधी पाण्याच्या जोरदार धारेने किडी धुवा, लागलेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाका. मग लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि भांड्यांच्या साबणाचे चार थेंब ढवळून संध्याकाळी पानांच्या खालून फवारा. दुपारी फवारलं, तर पानं भाजतात. दर आठवड्याला असं तीन-चार वेळा करावं लागतं. एकदा करून सोडलं की कीड परत येते.

मे महिन्यात कुंडी बदलू नका. मुळं दुखावतात आणि वरून उकाडा. पहिल्या सरी पडेपर्यंत थांबा. फांद्या लावायलाही तोच काळ उत्तम, जास्वंद आणि क्रोटन सहज रुजतात.

आणि फुटबॉल लिलीची कुंडी टाकून देऊ नका. थंडीत तिची पानं पिवळी पडून वाळतात, कुंडी रिकामी वाटते, पण कंद खाली झोपलेला असतो. त्याला या काळात जेमतेम पाणी द्या आणि कुंडीवर नाव लिहून ठेवा, म्हणजे त्यात दुसरं काही लावलं जाणार नाही. वळवाच्या सरी आल्या, की आधी जाड दांडा वर येतो आणि पानं पुरती पसरण्याआधीच त्यावर लाल चेंडू फुलतो.